पस्तीस दातांचं चक्र

४ जानेवारी, रविवार. बोर्ली पंचतन. सकाळी ७.
बीपी १५०/९४. डॉक्टरांनी रोज लिहून ठेवायला सांगितलंय. एवढी जाड वही नुसत्या बीपीला कशाला, म्हणून जीपच्या कामाची नोंदही इथेच करणार.

काम असं: गणराजची जुनी पेट्रोल जीप चालू करणे. गणराज माझा धाकटा भाऊ. गेल्या फेब्रुवारीत हार्टने गेला. त्याने जीपचा डिस्ट्रिब्युटर (चारही सिलिंडरना ठिणगी वाटणारा डबा) काढून इग्निशनसाठी बाहेरचा कंप्युटर लावायला घेतला होता. त्यासाठी इंजिनच्या पुढच्या पुलीवर दातांचं एक लोखंडी चक्र लागतं आणि चक्राशेजारी सेन्सर. दात सेन्सरसमोरून सरकले की पिस्टन कुठे आहे ते कंप्युटरला कळतं आणि त्या हिशोबाने तो ठिणगी देतो. एवढंच आहे. लोक उगीच बाऊ करतात.

मी हे का करतोय: दहाव्याला दोन तास कावळा शिवेना. किशोरीने (गणराजची बायको) होमस्टे चालू ठेवीन म्हणून सांगितलं. तिचा भाऊ राहुल म्हणाला, ताईकडे मी बघेन. कावळा फांदीवरच. शेवटी मी म्हणालो, तुझी जीप मी वर्षाच्या आत चालू करून देतो. लगेच शिवला. ऊन फार झालं होतं म्हणून मी बोललो. पण पन्नास माणसांनी ऐकलं.

मधले दहा महिने इतर कामं होती.

आता किशोरीला शेड पाडून तिथे पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायच्या आहेत. वर्षश्राद्धापर्यंत जीप चालली तर ठेवते म्हणाली, नाहीतर भंगारवाला घेऊन जाईल. श्राद्ध २२ फेब्रुवारीला. हातात सात आठवडे. काम चार दिवसांचं.

संकल्प: १) हातोडी वापरायची नाही. २) आवाज चढवायचा नाही. ३) गणराजने कसं केलं असतं याचा विचार करायचा नाही. तो हौशी होता. मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो.

५ जानेवारी. दिवेआगर.
सकाळी आठलाच वाडीत पोचलो. किशोरी पाहुण्यांच्या नाश्त्यात होती. तिला त्रास नको म्हणून थेट शेडमध्ये गेलो.

पहिल्या पाच मिनिटांत दोष सापडला. गणराजने बसवलेल्या चक्राला पस्तीस दात. एका ठिकाणी दातच नाही, नुसती फट. दात तुटला आणि याला पत्ता नाही! ही त्याची जुनी सवय. चक्र काढायला घेतलं.

पुलीचा नट सुटेना. हातोडी एकदा वापरली. (एकदा म्हणजे एका सत्रात.) पुलीच्या कडेचा टवका उडाला. तो आधीच सैल असणार. पाना हातातून निसटला आणि बारा फुटांवरच्या हेडलाइटवर गेला. काच फुटली. दुसरा हेडलाइट वेगळा दिसायला लागला, म्हणून तोही.

शेजारच्या वाडीतून केसरकाकीने विचारलं, काय रं सदा, जीप सोडवतोस का तिचा जीव घेतोस? मी संकल्प क्रमांक २ पाळला. चक्र हातात आल्यावर किशोरी चहा घेऊन आली. खाली पडलेल्या काचा बघितल्या, चक्र बघितलं, आणि कप ठेवून परत गेली. कामाची गती बघून थक्क झाली असावी.

७ जानेवारी. मुरुड.
चक्र टॉवेलात गुंडाळून दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला, तिथून मुरुडला मकसूदभाईंच्या लेथवर. होड्यांचे शाफ्ट आणि पंखे करण्यात या किनाऱ्यावर त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी चक्र उजेडात धरलं आणि म्हणाले, साहेब, हा दात तुटलेला नाय दिसत. कापलेला दिसतोय. बघा किनार कशी साफ हाय.

मी त्यांना माझी एकतीस वर्षांची सर्व्हिस सांगितली. मग त्यांनी वाद घातला नाही. फटीत वेल्डिंग भरून, घासून, दात तयार केला. छत्तीस झाले. आता कसं पूर्ण वाटतंय.

१० जानेवारी. दिवेआगर. दुपारी २.
चक्र बसवलं. बॅटरी उतरली होती, ती चार्ज करून आणली. सेन्सर आणि दात यांत एक मिलिमीटर फट ठेवली. स्टार्टर मारला. कंप्युटरला जोडलेल्या गणराजच्या लॅपटॉपवर लाल अक्षरं. पुन्हा मारला. लाल. सातव्यांदा मारला तेव्हा नवा दात, जो इतरांपेक्षा किंचित उंच निघाला, त्याने सेन्सरला असा फटका दिला की सेन्सर ब्रॅकेटसकट उडाला आणि पाहुण्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर लागला.

पुण्याची मंडळी होती. त्यांच्याशी सभ्यपणे बोललो. ते म्हणतात मी ओरडलो. इंजिन चालू असताना मोठ्याने बोलावंच लागतं. इंजिन चालू नव्हतं हा मुद्दा वेगळा.

११ जानेवारी, रविवार.
बीपी १६४/१००. मशीन जुनं झालंय.
राहुल कळंबोलीहून आला. तो तिकडे गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम करतो. चक्र बघून तो हसायला लागला. असा हसला की खाली बसला. म्हणाला, दादा, तो दात मुद्दाम काढलेला असतो. सगळे दात सारखे असले तर कंप्युटरने मोजायला सुरुवात कुठनं करायची? ती फट आली की त्याला कळतं, फेरा इथनं सुरू.

हे मला सुचलंच होतं. मी फक्त खात्री करून घेत होतो. राहुलची कॉलर वाकडी होती म्हणून मी ती दोन्ही हातांनी नीट केली. तेवढ्यात शर्टाची दोन बटणं तुटली. हल्लीचे शर्ट. किशोरी मागून म्हणाली, दादा, हात काढा त्याच्यावरनं. काढले.

राहुल चार वाजताच निघाला. नवा सेन्सर पाठवतो म्हणाला. मुलगा चांगला आहे, पण हसतो फार.

१४ जानेवारी. बोर्ली.
संक्रांत. यंदा आम्हाला सण नाही. दिवसभर टेबलावर बसलो आणि नव्या चक्राचं ड्रॉइंग काढलं. गणराजचं चक्र आता वेल्डिंगने वाकलंय, ते भंगार. मी स्वतःचं करणार. पस्तीस दात, एक फट. पिस्टन वरच्या टोकाला असताना फट सेन्सरपासून दोन दात पुढे यावी असे बोल्टचे होल. फिरण्याची दिशा बाणाने दाखवली. खाली नाव, तारीख, सही. वर्षानुवर्षं असं ड्रॉइंग काढलं नव्हतं. गणराजला दाखवलं असतं तर...

संकल्प क्रमांक ३ पाहा.

गेल्याच्या मागच्या वर्षी ऑक्टोबरात आमचं बोलणं थांबलं होतं. मी म्हणालो होतो, चालतं इंजिन उघडून त्यात कंप्युटर घालणं हा मूर्खपणा आहे. तो म्हणाला, दादा, तुला सगळं कागदावरच कळतं. मग मी जे बोललो ते बोललो. चार महिने तो माझ्याकडे आला नाही आणि मी त्याच्याकडे गेलो नाही. पाचव्या महिन्यात जाणारच होतो. त्याचा आणि या कामाचा काही संबंध नाही.

१९ जानेवारी. मुरुड.
मकसूदभाईंनी चक्र करून ठेवलं होतं. पाच मिलिमीटर पत्रा, दात एकसारखे, आरशासारखं काम. बाणाप्रमाणेच होल पाडलेत ना, विचारलं. म्हणाले, साहेब, बाणावर बोट ठेवून पाडलेत. परतताना फेरीबोटीत एका गृहस्थाने विचारलं, हे काय, रहाटाचं काय? मी त्याला आगरदांडा ते दिघी सगळं समजावून सांगितलं. उतरल्यावर तो पळतच गेला. घाईत असावा.

२४ जानेवारी. दिवेआगर. सकाळी ११.
हिरवं! लॅपटॉपवर हिरवी अक्षरं! राहुलने पाठवलेला सेन्सर लावला आणि कंप्युटरला फट सापडली. डोळ्यात कचरा गेला म्हणून दहा मिनिटं काम थांबवलं.

दुपारी १.
स्टार्टर मारला. इंजिनने एकदा हुंकार दिला आणि उलटा हिसका मारला. पुढे कार्बुरेटरमधून ज्वाळा आली, मागे सायलेन्सरमध्ये स्फोट झाला. सायलेन्सर मधोमध फाटला. स्टार्टरचं नाक तुटून जमिनीवर पडलं. माझी डावी भुवई गेली. उजवी अर्धी आहे. वरच्या खोलीतले पाहुणे टॉवेलवर अंगणात आले. केसरकाकीच्या कोंबड्या अजून सापडल्या नाहीत. ती कुंपणावरून म्हणाली, वीस सालच्या वादळात येवढा आवाज नव्हता रं.

प्रगती आहे. आधी काहीच होत नव्हतं, आता स्फोट होतोय. म्हणजे ठिणगी येतेय.

२६ जानेवारी. (अक्षर डाव्या हाताचं.)
स्टार्टर गेला म्हणून हँडल मारून चालू करायचं ठरवलं. या जीपला पुढून हँडल लागतं, हा जुन्या गाड्यांचा मोठा गुण. किशोरी म्हणाली, दादा, हँडल ठेवा खाली. परवा मशीनने लोखंड तोडलंय, तुमचा हात म्हणजे काय. मी म्हणालो, मला जीपचा स्वभाव कळतो.

पाव फेरा फिरवला. हँडल उलटं आलं. आवाज दोन झाले, एक इंजिनचा, एक मनगटाचा. थोडं लागलंय. दोन ठिकाणी. प्लास्टर कोपरापर्यंत, सहा आठवडे. दवाखान्यात न्यायच्या आधी मी जीपला एक लाथ मारली, तिला समज मिळावी म्हणून. अंगठ्याचं नख गेलं.

रिक्षात किशोरी शेजारी बसली होती. रस्ताभर माझा हात तिने उशीवर धरून ठेवला. म्हणाली, पुरे झालं दादा. मी म्हणालो, आता तर जवळ आलंय.

३० जानेवारी.
बीपी घेता येत नाही, एका हाताने पट्टा बांधता येत नाही.
गुरुजींचा फोन. श्राद्धाची तयारी विचारत होते. मी म्हणालो, अजून तीन आठवडे आहेत. म्हणाले, सदाभाऊ, श्राद्ध तिथीने असतं. माघ वद्य दशमी यंदा बारा तारखेला आहे. बावीस तारीख गेल्या वर्षीची.

दहा दिवस गेले! कोणी घेतले? गुरुजींना विचारलं, तिथी पुढे ढकलता येते का? फोन कट झाला. रेंज नसेल. माझा फोन भिंतीवर आदळला. काच गेली, पण आवाज येतो.

१ फेब्रुवारी, रविवार.
राहुलला मी फोन केला नाही, त्याचाच आला. (तीन मिस्ड कॉल बघून.) सगळं ऐकून म्हणाला, दादा, ठिणगी चाळीस डिग्री लवकर पडतेय. पिस्टन वर येतोय तोवरच स्फोट, म्हणून उलटा मार. चक्राचे होल उलट्या बाजूने मोजलेत कोणीतरी. लॅपटॉपवर एक आकडा बदला, दोन मिनिटांत होईल.

मी स्पष्ट सांगितलं, चूक लोखंडात असेल तर आकडा बदलून ती झाकणार नाही. माझ्या ड्रॉइंगमध्ये चूक नाही. म्हणजे ती मुरुडमध्ये आहे.

३ फेब्रुवारी. मुरुड.
फेरीबोटीत बसून सगळी वाक्यं तयार केली. मकसूदभाईंना सुनवायचं, आणि वेळ आलीच तर प्लास्टरचा हात होताच.

त्यांच्यासमोर ड्रॉइंग आपटलं. विचारलं, बाण दिसत नव्हता? ते चष्मा पुसून म्हणाले, बाण दिसला साहेब. पण कुठनं बघायचं ते कुठंय? आमची होडी आम्ही मागनं बघतो. पंखा मागं असतो, फिरतो कसा ते मागनंच ठरतं. तुमची गाडी पुढनं बघायची असंल तर तसं लिहायचं.

ड्रॉइंग पाहिलं. लिहिलेलं नव्हतं. पुढून की मागून, एक शब्द नाही. एकतीस वर्षांत प्रत्येक शीटवर लिहिलं आणि याच शीटवर नाही.

मी प्लास्टरचा हात लेथच्या बेडवर मारला. लेथला काही झालं नाही. प्लास्टरला तडा गेला. मकसूदभाई उठले, लेथ बंद केलं, स्टूल पुढे सरकवलं. चहा आला, बिस्किटं आली. म्हणाले, भावाचं काम हाती घेतलं की असंच होतं. मी विचारलं, असंच म्हणजे कसं? ते म्हणाले, चहा घ्या, गार होतोय.

मग हळूच म्हणाले, पत्रा सपाट हाय ना? पालथं लावा. उलट्याचं सुलट होतं.

५ फेब्रुवारी.
मी एक उपाय शोधून काढला आहे: चक्र पालथं लावणे.

८ फेब्रुवारी. दिवेआगर.
हात चालत नाही म्हणून बोल्ट किशोरीने आवळले. मी फक्त सूचना दिल्या. मी तेरा नंबरचा पाना म्हणायच्या आत तो तिच्या हातात असायचा. सेन्सरच्या फटीत तिने चौपदरी पोस्टकार्ड घालून पाहिलं, म्हणे एक मिलिमीटर. एकदा बघून बायका किती लवकर शिकतात!

लॅपटॉप हिरवा. नवा स्टार्टर मिळायला पंधरा दिवस लागतील. हँडलला हात लावाल तर वाडीत पाऊल टाकू देणार नाही, असं किशोरीने बजावलंय. राहिला एकच मार्ग, ढकलस्टार्ट. श्राद्धाला माणसं जमणारच आहेत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ५.
नोंद शांतपणे आणि क्रमाने करतो.

साडेबाराला पिंडदान आटोपलं. पानं मांडायची होती. मी म्हणालो, आधी जीप. वचन वचन असतं. राहुल, वाडीतली आठ माणसं आणि केसरकाकी मागून ढकलायला लागली. गुरुजी नको नको म्हणत होते, मग त्यांनीही धोतर खोचलं. राहुल म्हणाला, दादा, मी बसतो स्टिअरिंगवर. मी म्हणालो, तू ढकल.

ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन टिकणार नाही असा माझा अंदाज, म्हणून कार्बुरेटरच्या लिव्हरखाली मी लाकडाची पाचर मारली होती. दुसरा गिअर, क्लच दाबलेला. जीप सुटली, मी क्लच सोडला.

चालू झाली. एका ठिणगीत. चारही सिलिंडर.

ती पाचर जरा जाड होती. जीपने जो आवाज काढला त्याला गर्जना म्हणतात. मी ब्रेक दाबला, ब्रेक वर्षभर वापरात नसल्यामुळे तळाला गेला. उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा स्टिअरिंगवर, गिअर काढायला तिसरा हात नव्हता. जीप जेवणाच्या मांडवात शिरली. कनात काचेवर आली आणि पुढचं दिसणं बंद झालं. पुढचं मी आवाजावरून लिहितोय: खिरीचं पातेलं, वड्यांची परात, खुर्च्या (बऱ्याच). गुरुजींनी पोफळीच्या आळ्यात उडी घेतली. मागून केसरकाकी ओरडत होती, अरे सदा, बंद कर, बंद कर रे मेल्या! मग एक पोफळ. मग दुसरी. २०२० च्या वादळातून वाडीतल्या सहा पोफळी उरल्या होत्या. आता चार आहेत.

तिसरीला रेडिएटर अडला आणि थांबलो. कपाळाला चार टाके. बाकी कोणाला ओरखडा नाही, गुरुजींचा चिखल सोडून.

राहुल म्हणतो बावीस सेकंद चालली. मी पंचवीस धरतो. वचन पूर्ण.

१३ फेब्रुवारी. बोर्ली. दुपारी.
सकाळी दिवेआगरला गेलो. जीपचं पुढचं अंग आत गेलंय, इंजिनचा ब्लॉक फुटलाय. दुरुस्त होण्यासारखं काही नाही. मी किशोरीला सांगितलं, दोन महिने दे. नवीन ब्लॉक बघतो, चक्र अजून शाबूत आहे.

ती पायरीवर बसली होती. म्हणाली, दादा, बसा.

मग म्हणाली, जीप चालत होती. त्यांनी पूर्ण केली होती ती. जायच्या आठ दिवस आधी चालू झाली. मीच बोल्ट आवळून द्यायचे. नंतर वर्षभर उभी राहून नुसती बॅटरी उतरली होती. तुम्ही आलात त्या दिवशी मी चहा घेऊन सांगायलाच येत होते. तोवर तुम्ही चक्र काढून हातात धरलेलं, काचांचा सडा. मग काय सांगू?

मी विचारलं, नंतर का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही रोज यायला लागलात. इथे दिवसभर त्यांच्या शेडमध्ये कोणीतरी ओरडतंय, ठोकतंय, बरं वाटायचं. पण हात मोडला तेव्हा सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

भंगारवाल्याला तिने सोमवारी बोलावलंय. मी हो म्हणालो.

निघताना ती म्हणाली, चालू झाली तेव्हा ते पहिल्यांदा तुमच्याकडेच घेऊन आले होते. बोर्लीला. गेटसमोर उभी केली, तीन वेळा हॉर्न दिला. परत येऊन म्हणाले, दादा घरी नव्हता, पुढच्या रविवारी नेतो. रविवार काही आला नाही.

मी म्हणालो, हो, त्या दिवशी मी श्रीवर्धनला गेलो होतो.

मी घरीच होतो. खिडकीच्या पडद्याआड उभा होतो. ऑक्टोबरात मी त्याला म्हणालो होतो, कंप्युटर लावलेली गाडी माझ्या दारात आणायची नाही. म्हणून त्याने ती गेटच्या बाहेर थांबवली. पाच मिनिटं थांबला. त्याने इंजिन बंद केलं नाही, मला ऐकू यावं म्हणून. एकही ठोका चुकत नव्हता.